हजरतबल ते दंडकारण्य

काश्मीरच्या हिवाळ्यात अत्यंत कडक थंडीचे जे चाळीस दिवस असतात, ज्यांना तेथील लोक ‘चिल्ले कलान’ म्हणतात, ते सुरू होऊन जेमतेम आठवडा लोटला असेल नसेल तोच, १९६३ सालच्या २७ डिसेंबरला, शुक्रवारी पहाटे, दल सरोवराच्या काठी असलेल्या हजरतबल दर्ग्याच्या आतल्या दालनाचे कुलूप तुटलेले आढळले आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेला पैगंबरांचा पवित्र केश, ‘मोइ-ए-मुकद्दस’, नाहीसा झाला असल्याचे उघडकीस आले. आज त्या जागी जो पांढऱ्या संगमरवरी घुमटाचा प्रासाद दिसतो तो तेव्हा नव्हता. जुन्या काश्मिरी धाटणीची, लाकडी बांधणीची ती वास्तू होती, आणि वर्षातल्या काही ठराविक पवित्र दिवशी काचेच्या एका छोट्या नळीत ठेवलेल्या त्या केशाचे ‘दीदार’ घेण्याकरिता खोऱ्याच्या कानाकोपऱ्यांतून, होड्यांनी आणि पायी, हजारो लोक तेथे जमत असत. ती नळी कोणी उचलली, आणि आठ दिवसांनी ती पुन्हा कशी सापडली, याचा उलगडा सरकारने जनतेपुढे कधीही पुरतेपणी केला नाही. परंतु त्या चोरीपासून निघालेली घटनांची मालिका श्रीनगरहून खुलना, खुलन्याहून कलकत्ता, तेथून ढाका, पुन्हा मागे फिरून जमशेदपूर आणि राउरकेला, आणि अखेर आपल्या चांदा जिल्ह्याच्या जंगलापर्यंत कशी येऊन पोहोचली, हे पाहिले म्हणजे स्वतंत्र भारताच्या इतिहासातील या प्रकरणाकडे आपण केवढे दुर्लक्ष केले आहे याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला या केशाचा पूर्वेतिहास तर विशेषच जवळचा वाटावा. परंपरा अशी सांगते की, मदिनेहून सय्यद अब्दुल्ला नावाचा एक मुतवल्ली १६३५ च्या सुमारास हा पवित्र अवशेष घेऊन दक्षिणेत विजापुरास आला. म्हणजे शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत शिरण्याच्या आगेमागेच तो त्या दरबारात आश्रयास आला होता. त्याच्या पश्चात त्याच्या मुलाच्या हाती तो वारसा आला. आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा त्या घराण्याची जहागीर बुडून, विपन्नावस्थेत आलेल्या त्या मुलाने तो केश नूरुद्दीन इशाई या काश्मिरी व्यापाऱ्याच्या स्वाधीन केला. बादशहाला ही वार्ता कळताच त्याने तो अवशेष जप्त करून अजमेरला रवाना केला आणि इशाईला कैदेत टाकले. पुढे त्याला पश्चात्ताप होऊन त्याने तो परत करण्याचा हुकूम दिला खरा, पण तोवर इशाई मरण पावला होता. १७०० च्या सुमारास केश आणि त्या व्यापाऱ्याचे कलेवर अशी दोन्ही एकदमच काश्मिरात पोहोचली, आणि इशाईच्या मुलीपासून चालत आलेल्या घराण्याकडे त्याची देखभाल राहिली. विजापूर, अजमेर आणि श्रीनगर अशी ही यात्रा. एका बाजूने श्रद्धेची, दुसऱ्या बाजूने जप्तीची आणि पश्चात्तापाची.

चोरीची वार्ता पसरली त्या दिवशी श्रीनगरात जे घडले त्याचे वर्णन करताना प्रत्यक्षदर्शींनी ‘शोक’ हा शब्दच प्रामुख्याने वापरला आहे. दुकाने बंद झाली, चुली थंडावल्या, काळी निशाणे घेऊन माणसांचे लोंढेच्या लोंढे बर्फाळ रस्त्यांवरून हजरतबलकडे आणि तेथून शहराच्या मध्यभागी येऊ लागले. रात्री घरी परतण्याचे नाव कोणी काढीना. चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या, अंगावरच्या फेरनखाली निखाऱ्यांच्या कांगड्या धरून लोक बसून राहिले, आणि ज्यांच्या घरी तांदूळ होता त्यांनी तो आणून रस्त्यावरच शिजवून आल्यागेल्यास वाढला. या शोकामध्ये रागाचा अंश नव्हता असे मात्र नाही. दहा वर्षे काश्मीरचा कारभार हाकून, मंत्र्यांनी पदे सोडून पक्षकार्यास लागावे या कामराज योजनेनुसार नुकतेच ऑक्टोबरमध्ये पायउतार झालेले बक्षी गुलाम महंमद यांच्या घराण्याविरुद्ध तो राग होता. खोऱ्याचे लोकप्रिय पुढारी शेख अब्दुल्ला १९५३ पासून, मधले थोडे महिने सोडल्यास, बंदिवासात होते. त्यांच्या पश्चात बक्षींच्या भाऊबंदांनी मक्ते, परवाने आणि ठेके यांतून केलेली कमाई लोकांच्या डोळ्यांत सलत होती. आणि बक्षींच्या जागी आलेले ख्वाजा शमसुद्दीन हे त्यांचेच मुखवटे होत अशी सर्वांची समजूत होती. त्यामुळे जमावाने जी जाळपोळ केली ती मुख्यत्वेकरून बक्षी घराण्याच्या मालमत्तेची. पोलिसांनी गोळीबार केला, संचारबंदी पुकारली, पण पाहता पाहता शमसुद्दीन यांच्या सरकारचा अंमल सचिवालयाच्या भिंतींपलीकडे उरला नाही. मौलाना महंमद सईद मसूदी यांच्यासारख्या वृद्ध आणि सावध पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली एक कृतिसमिती उभी राहिली, आणि काही दिवस तरी शहराचा बंदोबस्त वस्तुतः तिच्याच हाती होता.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट नीट न्याहाळली पाहिजे, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. ज्या खोऱ्यात शंभरांतले नव्वदाहून अधिक लोक मुसलमान, ज्यांच्या अंतःकरणाचा ठेवाच चोरीस गेलेला, ज्या शहरात सरकार नावाची वस्तू उरलेली नाही, आणि ज्याच्यावर पाकिस्तानच्या नभोवाणीचा रात्रंदिवस मारा चाललेला, त्या शहरात शेकडा पाचाच्या आसपास असलेल्या काश्मिरी पंडितांच्या आणि मूठभर शिखांच्या केसालाही धक्का लागला नाही. उलट पंडित आणि शीख मिरवणुकांत सामील झाले. त्यांनीही काळी निशाणे धरली. सदर-ए-रियासत, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख, करणसिंग यांनी केश परत मिळावा म्हणून देवळांतून प्रार्थना करविल्या. दुःख ज्यांचे होते त्यांना आपला अपराधी कोण असावा याविषयी काही निश्चित कल्पना होती, बरोबर असो वा चूक. आणि ती कल्पना शेजारच्या पंडिताच्या घराकडे बोट दाखवीत नव्हती. त्यांना सांभाळणारे पुढारी होते, आणि त्या पुढाऱ्यांनी पहिल्याच दिवसापासून हे दुःख सर्वांचे आहे असे बजावून ठेवले होते. धर्मभावना दुखावली की दंगल होणारच, तो निसर्गनियमच आहे, असे जे आपण इतक्या सहजपणे बोलून जातो, त्याला हजरतबलच्या त्या आठ दिवसांइतके चोख उत्तर मला तरी अन्यत्र आढळलेले नाही.

दिल्लीची अवस्था मात्र कासावीस झाली होती. चीनच्या युद्धाने खचलेले पंडित नेहरू नभोवाणीवरून काश्मीरच्या जनतेशी बोलले आणि त्यांनी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख भोलानाथ मलिक यांना जातीने श्रीनगरला धाडले. ४ जानेवारी १९६४ रोजी केश मिळाल्याची घोषणा झाली आणि गल्लोगल्ली आनंदाला पारावार राहिला नाही. पण दुसऱ्या दिवसापासूनच शंका डोके वर काढू लागली. मिळालेला केश अस्सल आहे कशावरून? कोणाकडून मिळाला? मलिक आणि दिल्ली या दोघांनीही त्यावर मौन धरले, आणि मौनाने शंकेला नेहमीच खतपाणी मिळते. जानेवारीच्या अखेरीस बिनखात्याचे मंत्री म्हणून पुन्हा सरकारात आलेले लालबहादूर शास्त्री श्रीनगरला गेले. केशाची परीक्षा जाणत्या धर्मपुरुषांकडून करवून घ्यावी ही कृतिसमितीची मागणी मान्य करणे म्हणजे आगीशी खेळ, असे काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. एका ‘नाही’ने सारे खोरे पेटले असते. शास्त्रीजींनी ती जोखीम पत्करली. ३ फेब्रुवारीस, सर्वांच्या आदरास पात्र असलेले वयोवृद्ध फकीर मीरक शाह काशानी यांच्यासमोर ती काचेची नळी धरण्यात आली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ निरखली, आणि होकारार्थी मान हलविली. लहान चणीच्या, मृदू बोलणाऱ्या त्या मंत्र्याने लोकांच्या श्रद्धेचा निर्णय लोकांवरच सोपविण्याचे जे धैर्य दाखविले, ते पुढे पंतप्रधान झाल्यावर रणांगणाच्या संदर्भात दाखविलेल्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते. महिन्याभरातच शमसुद्दीन जाऊन गुलाम महंमद सादिक आले, आणि एप्रिलच्या ८ तारखेस शेख अब्दुल्लांची मुक्तता झाली.

काश्मीरपुरती कथा येथे संपते. दुर्दैव असे की, केश सापडण्याच्या एकच दिवस आधी, ३ जानेवारीच्या शुक्रवारी, श्रीनगरपासून दोन हजार किलोमीटरांवर, जेथील शेकड्यातल्या एकालाही हजरतबलचे दीदार आयुष्यात घडले नसेल अशा पूर्व पाकिस्तानातील खुलना शहरी, ‘काश्मीर दिन’ पाळण्याच्या निमित्ताने मिरवणूक निघाली होती. पाकिस्तानचे दळणवळणमंत्री अब्दुस सबूर खान हे त्या जिल्ह्याचे वजनदार पुढारी. त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत खुलना व दौलतपूरच्या गिरण्यांच्या आसमंतात हिंदूंची वस्ती जाळण्यात आली, आणि आसपासच्या खेड्यांतून कापाकापी झाली. खुलना जिल्ह्यातील त्या हिंदूंपैकी बहुसंख्य नमःशूद्र जातीचे शेतकरी आणि मच्छीमार होते. काश्मीर कोणत्या दिशेला आहे हे त्यांच्यातील कितीजणांस सांगता आले असते कोण जाणे. तरी पण त्या चोरीचा जाब त्यांना विचारला गेला, तो ते हिंदू होते आणि भारत हा हिंदूंचा देश आहे असे त्यांच्या मारेकऱ्यांना शिकविण्यात आले होते म्हणून.

फाळणीच्या आधीच्या वर्षांत एक भयानक विचार मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या तोंडी घोळत असे. दोन्ही राज्यांत अल्पसंख्य राहतील. इकडच्यांना कोणी त्रास दिला तर तिकडच्यांना तो भोगावा लागेल, आणि या परस्परभीतीमुळेच दोन्हीकडचे सुरक्षित राहतील, असे त्याचे तर्कशास्त्र होते. माणसाला ओलीस ठेवण्याची जी पद्धत मध्ययुगात राजेरजवाड्यांच्या तहनाम्यांत चाले, तीच येथे कोट्यवधी सामान्य माणसांना लागू करण्यात आली. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यांना त्याची खबरही नव्हती. भारताच्या राज्यघटनेने हा विचार मुळातूनच फेटाळला. या देशातील मुसलमान हा येथला नागरिक आहे आणि त्याने केलेल्या कृत्यांखेरीज इतर कोणत्याही कृत्याचा जाब त्याला कोणी विचारू शकत नाही, ही आपल्या घटनेची भूमिका; तिच्या एकेका कलमामागे ती उभी आहे. पण कलम लिहिणे निराळे आणि एखाद्या जानेवारीच्या रात्री बस्तीच्या तोंडाशी जमाव उभा असता त्या कलमाच्या रक्षणासाठी शिपाई उभा असणे निराळे.

खुलना आणि जेसोरहून पळालेले निर्वासित बनगावच्या नाक्यावरून पश्चिम बंगालमध्ये येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हकीकती आल्या. खऱ्या हकीकती पुरेशा भीषण होत्याच, त्यांत तोंडोतोंडी भर पडत गेली. ९-१० जानेवारीपासून कलकत्त्यात दंगल पेटली. येथे पाळी मुसलमानांची होती, आणि तेही खुलन्यात काय घडले याला तितकेच जबाबदार होते जितके खुलन्याचे नमःशूद्र हजरतबलच्या चोरीला. पहिल्या दोन-तीन दिवसांत कलकत्त्याच्या पोलीसदलाने जी शिथिलता दाखविली तिला क्षमा नाही. शहराच्या कित्येक ठाण्यांच्या हद्दींत संचारबंदी जारी झाली, पण ज्यांनी ती एरवीही मोडली नसती त्यांनी पाळली आणि ज्यांच्यासाठी होती ते मोकाट फिरत राहिले. बस्त्याच्या बस्त्या जळाल्या, आणि त्यांतील रहिवासी हजारोंच्या संख्येने मशिदींच्या आवारात, शाळांत आणि मोकळ्या मैदानांवर येऊन पडले. अखेर गृहमंत्री गुलझारीलाल नंदा तेथे जाऊन थडकले, लष्कर आणण्यात आले, आणि मग कोठे शहर शांत झाले. शांत झाले तेव्हा काही जळक्या बस्त्यांच्या जागांवर नवी मालकी दिसू लागली. ही गोष्ट खुलन्यालाही खरी, ढाक्यालाही खरी, आणि दंगलीचा कागदोपत्री इतिहास वाचताना ज्याने जमिनीच्या दप्तराकडे दुर्लक्ष केले त्याला दंगलीतले अर्धे काही कळले नाही असे मी म्हणेन. श्रद्धेच्या नावाने आग लागते आणि थंड झालेल्या राखेवर सातबारा लिहिला जातो.

नेहरू या काळात आजारी पडून होते. काँग्रेसच्या भुवनेश्वर अधिवेशनातच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. चीनच्या आक्रमणाने जी जखम त्यांच्या मनाला केली होती, तिच्यावर हा शरीराचा आघात. ज्या माणसाने सबंध आयुष्य एकाच तत्त्वाकरिता वेचले, की भारतात मनुष्याची योग्यता त्याच्या धर्मावरून ठरणार नाही, तो अंथरुणाला खिळलेला असताना त्याच तत्त्वाच्या चिंधड्या उडत होत्या. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पाकिस्तानचे अध्यक्ष आयूब खान यांना दोघांनी मिळून शांततेचे आवाहन करावे असे सुचविले. ते संयुक्त आवाहन कधी निघाले नाही.

कलकत्त्याच्या बातम्या, पुन्हा तशाच फुगून, पूर्व पाकिस्तानात परत गेल्या, आणि १३-१४ जानेवारीपासून ढाका व नारायणगंज येथे खुलन्यापेक्षाही मोठे हत्याकांड सुरू झाले. शीतलक्ष्या नदीच्या काठची ती ज्यूट आणि कापडाच्या गिरण्यांची वस्ती. आदमजी ज्यूट गिरणीचे कामगार जथ्याजथ्याने बाहेर काढण्यात आले, आणि ढाकेश्वरी व लक्ष्मीनारायण या हिंदूंच्या कापडगिरण्यांतील कामगारांची कुटुंबे जीव मुठीत धरून बसली. परंतु याच ढाक्यात असेही काही घडले, की त्याची आठवण ठेवणे प्रत्येक भारतीयाचे कर्तव्य आहे. नझरुल इस्लामच्या काव्याचे अभ्यासक आमीर हुसेन चौधुरी यांनी हिंदू शेजाऱ्यांचे रक्षण करताना आपले प्राण दिले. नोत्र दाम महाविद्यालयातील अमेरिकन पाद्री रिचर्ड नोवाक हे नारायणगंजच्या बाजूस लोकांचे काय झाले ते पाहण्यास निघाले आणि परत आले नाहीत. १७ जानेवारीस ढाक्याच्या प्रमुख वृत्तपत्रांनी, ‘इत्तेफाक’चे संपादक तफज्जल हुसेन माणिक मियाँ यांच्या पुढाकाराने, पूर्व पाकिस्तानने या दंगलीविरुद्ध उभे ठाकावे असे आवाहन एकाच दिवशी छापले, दंगलप्रतिबंधक समिती स्थापन झाली आणि तिच्या कामात शेख मुजीबुर रहमान स्वतः उतरले. सात वर्षांनी ज्या बंगाली राष्ट्रवादाने पाकिस्तानच्या दोन भागांना वेगळे केले, त्याच्या पाळण्याची दोरी मला या आवाहनात दिसते. सरकारने मात्र काय केले? हिंदूंनी आपली स्थावर मिळकत सरकारी परवानगीवाचून विकू नये असा त्याच वर्षी अध्यादेश काढला. पळून जाणाऱ्याला रक्षण हवे होते, तर त्याला घर विकण्याचीही मुभा उरली नाही. ज्या राज्याने नागरिकाला एकदा ओलीस समजायचे ठरविले, त्याचे कायदे असे होतात.

माणसे पळाली ती सर्व दिशांना. मैमनसिंगच्या उत्तरेकडील गारो आणि हाजोंग आदिवासी, ज्यांतील पुष्कळसे ख्रिस्ती होते, टोळ्याटोळ्यांनी डोंगर चढून आसामच्या गारो हिल्समध्ये, तुऱ्याच्या परिसरात, उतरले. त्यांना हिंदू-मुसलमानांच्या झगड्यात कोणी विचारलेही नव्हते. खुलना, जेसोर, फरीदपूर आणि बारिसालचे नमःशूद्र शेतकरी पश्चिम बंगालात आले. पण पश्चिम बंगाल सरकारने सांगितले की, १९४७ पासून आलेल्या लाखो लोकांनी आमच्या गावांत आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही. १ जानेवारी १९६४ नंतर येणाऱ्यांना पुनर्वसनाची मदत हवी असेल तर त्यांनी बंगालबाहेर जावे. त्यांच्यासाठी जागा ठरली होती ती दंडकारण्याची. १९५८ साली केंद्र सरकारने ओरिसा आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरील जंगलात ही योजना सुरू केली होती. रायपूरजवळ माना येथे युद्धकाळातल्या विमानतळाच्या आसपास एक प्रचंड छावणी उभारण्यात आली, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निर्वासितांच्या आगगाड्या तिकडे सुटू लागल्या. नागपूरहून कलकत्त्याला जाणारा प्रवासी ज्या मार्गाने आजही जातो, त्याच मार्गाने, उलट दिशेने, टाटानगर, राउरकेला, रायगढ, अशी स्टेशने घेत.

त्या गाड्यांतील माणसांनी जे सोसले होते ते त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेले होते, आणि स्टेशनाच्या फलाटांवर जमलेल्या लोकांनी त्यांना अन्न दिले, कपडे दिले, आणि त्यांच्या कहाण्या ऐकून घेतल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राउरकेल्याला एक अफवा उठली, की निर्वासितांना वाटलेल्या पावांत विष होते आणि ते पाव मुसलमान भटारखान्यातून आलेले होते. तेवढे पुरे झाले. राउरकेला म्हणजे पश्चिम जर्मनीच्या सहकार्याने उभारलेले पोलाद-नगर. भारताच्या औद्योगिक भविष्याचे जे चित्र नेहरूंनी रंगविले होते त्यातील एक उज्ज्वल रंग. तेथे सर्व प्रांतांचे, सर्व भाषांचे कामगार एका भट्टीसमोर घाम गाळीत होते. त्यांच्याच वसाहतींत माणसे शोधून मारण्यात आली. आणि कारखान्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या अशा आदिवासींतील कित्येकांच्या हातांतली धनुष्येही या कामी वापरण्यात आली, ही गोष्ट सर्वांत अधिक दुःखदायक आहे. जमशेदपूरला, टाटांच्या त्या सुव्यवस्थित आणि स्वच्छ नगरात, तेच घडले. यंत्रयुग आले की धर्मद्वेष आपोआप वितळेल, असा जो एक आशावाद त्या पिढीने बाळगला होता, तो या दोन शहरांत मार्च १९६४ मध्ये गाडला गेला. भट्टीची उष्णता पोलादाला वितळवते; मनाच्या जुन्या संशयाला वितळविण्यासाठी कोणीतरी बसून काम करावे लागते, आणि ते कोणी केले नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीला नंदा आणि पाकिस्तानचे गृहमंत्री खान हबीबुल्ला खान यांच्यात बैठका झाल्या. लांबलचक चर्चेतून हाती फारसे काही लागले नाही. पाकिस्तान म्हणे, तुम्ही आसाम आणि त्रिपुरातून मुसलमानांना घालविता म्हणून आमच्याकडे प्रतिक्रिया होते. भारत म्हणे, ते घुसखोर आहेत. प्रत्येकाच्या युक्तिवादात थोडे सत्य असेल; पण या दोन्ही युक्तिवादांत खुलन्याच्या मच्छीमाराला आणि कलकत्त्याच्या बस्तीतील विडी वळणाऱ्या मुसलमानाला स्वतःचे असे काही अस्तित्वच नव्हते. २७ मे रोजी नेहरू गेले. त्या दिवशी शेख अब्दुल्ला, ज्यांना त्यांनीच अकरा वर्षे कोंडून अखेर त्याच वसंतात मुक्त केले होते, पाकिस्तानशी काही बोलणे जमते का ते पाहण्यासाठी सीमेपलीकडे मुझफ्फराबादेत होते.

आपल्या लोकशाहीविषयी बोलताना तिच्या निवडणुका आणि न्यायालये यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो रास्तच आहे. परंतु त्याच लोकशाहीने आपला सर्वांत हुशार गुप्तवार्ताधिकारी श्रीनगरला धाडून एक काचेची नळी आठ दिवसांत शोधून काढली, आणि तिलाच कलकत्त्याच्या बस्त्यांच्या तोंडाशी पहिल्या रात्री पुरेसे शिपाई उभे करता आले नाहीत, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. काश्मीर हातचे जाईल अशी भीती होती म्हणून तेथे राज्यकर्त्यांनी बुद्धी, संयम आणि धैर्य यांची पराकाष्ठा केली. बस्तीतला मुसलमान हातचा जाणार नव्हता. त्याला जाण्यास जागाच नव्हती. राउरकेल्याच्या मुसलमान कामगाराच्या बाबतीत आणि मानाच्या छावणीत तंबूत कोंबलेल्या नमःशूद्राच्या बाबतीत सरकारी कारभाराची जी गती होती, ती या एकाच कारणाने मंद होती असे माझे स्पष्ट मत आहे.

मानाच्या त्या छावणीतून काही कुटुंबे पुढे बस्तर आणि मलकानगिरीत वसविण्यात आली, आणि त्याच काळात व पुढच्या वर्षांत अशा निर्वासितांपैकी कित्येकांना महाराष्ट्र सरकारने चांदा जिल्ह्यातील जंगल तोडून जमिनी दिल्या. तो भाग आता गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतून प्रवास करणाऱ्यास बंगाली बोलणारी गावेच्या गावे लागतात. घरापाठीमागे माशांचे तळे आहे, बांधावर धान आहे, शरदात दुर्गेची मूर्ती मांडली जाते, आणि तेथील शाळांत बंगालीही शिकविली गेली आहे. त्यांची तिसरी पिढी अस्खलित मराठी बोलते, गोंड आणि माडिया शेजाऱ्यांशी त्यांचे जमिनीवरून तंटेही होतात, कारण ती जंगले मुळात ज्यांची होती त्यांना कोणी विचारले नव्हते. या लोकांचे एक गाऱ्हाणे मात्र अजून मिटलेले नाही. बंगालच्या अनुसूचीत नमःशूद्र ही जात अनुसूचित म्हणून नोंदलेली आहे, महाराष्ट्राच्या अनुसूचीत ती नाही. म्हणून ज्यांच्या आजोबांना खुलन्यात त्यांच्या धर्मापायी घर सोडावे लागले, त्यांच्या नातवंडांना जातीच्या दाखल्यासाठी आजही तहसील कचेरीत अर्ज करावे लागतात, आणि ते अर्ज परत येतात.